फोन मारतो, गाठ मारतो, छत्रीही मारतो : चिनी 'ता' हे क्रियापद

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आज एकच अक्षर घेणार आहोत, आणि सुरुवात माझ्या फजितीपासून.

शिकायला लागून चारेक महिने झाले असतील. बाईंना एक शंका विचारायची होती, म्हणून मोठ्या ऐटीत मेसेज टाकला : 'वो वानशांग ता नी.' मला म्हणायचं होतं, 'मी संध्याकाळी तुम्हाला फोन करते.' बाईंचं उत्तर आलं, 'का? गृहपाठ जास्त झाला का?' मी लिहिलं होतं, 'मी संध्याकाळी तुम्हाला मारते.'

एक छोटा शब्द राहिला होता, 'केइ'. 'ता केइ नी' म्हटलं की 'तुला फोन करते'. 'केइ' गाळलं की सरळ मारामारी. आता मराठीत बघा : 'तुला फोन मारतो' आणि 'तुला मारतो'. तीच गंमत आहे ना? म्हणून हे क्रियापद मराठी माणसाला कुणीतरी 'मारणे'च्या वाटेनं शिकवायला हवं असं मला तेव्हापासून वाटतंय. इंग्रजीतून शिकलो की 'हिट' असा अर्थ पाठ होतो आणि पुढचं सगळं विचित्र वाटायला लागतं.

आधी उच्चार. रोमन लिपीत हे अक्षर 'डी' आणि 'ए' असं लिहितात, त्यामुळे आपण 'दा' किंवा 'डा' म्हणतो. पण तो आवाज आपल्या 'त'च्या जवळचा आहे, आणि रोमन 'टी' लिहिलेलं असतं तिथे 'थ'. इंग्रजी भाषकाला हा फरक घोटून घोटून शिकावा लागतो, आपल्याला तो 'ताट' आणि 'थाट'मध्ये फुकट मिळालाय. वापरा की! सूर तिसरा, म्हणजे आवाज खाली नेऊन ठेवायचा. फक्त पुढचा शब्दही तिसऱ्या सुरातला असला, तर आपला 'ता' दुसऱ्या सुरात, वर चढत जातो. 'ता सान', 'ता श्वेइ' म्हणताना हे होतं.

अक्षर पाच रेघांचं. डाव्या बाजूला हाताची खूण, जी हातानं करायच्या कितीतरी क्रियापदांत असते. उजवीकडे 'तिंग' नावाचं अक्षर, इंग्रजी टीसारखं दिसणारं, खाली छोटा आकडा असलेलं. ते मुळात खिळ्याचं चित्र. ते इथे आवाज सुचवण्यासाठी आलंय, पण आज दोघांचे आवाज जुळत नाहीत. तुम्ही आपलं 'हात आणि खिळा, म्हणजे ठोकणे' असं लक्षात ठेवा. व्युत्पत्ती म्हणून ते बरोबर नाही, पण परीक्षेत अक्षर आठवतं.

आता अर्थाकडे येऊ. मूळ अर्थ मारणे, ठोकणे. त्यावरून भांडण म्हणजे 'ता च्या', युद्ध करणं 'ता चांग'. हे सोपं आहे. मजा पुढे आहे, कारण मराठीत 'मारणे' जसं कुठल्याही नामामागे जाऊन उभं राहतं, तसंच 'ता'चं आहे. काही जोड्या तर हुबेहूब जुळतात. गाठ मारणे : 'ता च्ये'. डुलकी मारणे : 'ता तुन'. मासेमारी करणे : 'ता य्यू', यात 'य्यू' म्हणजे मासा. सायकलला पंप मारणे : 'ता छी', शब्दशः हवा मारणे. खेळाडूंना 'ता छी' केलं तर त्याचा अर्थ त्यांचा हुरूप वाढवणं.

पण इथेच थांबा. या जुळणीवर विसंबून 'मारणे' दिसलं की 'ता' ठोकून दिला, तर फसाल. गप्पा मारायला चिनीत 'ल्याओ थ्येन' आहे. उडीला 'थ्याओ', हाकेला 'च्याओ', मिठीला 'पाओ'. यांत कुठेच 'ता' नाही. आणि सगळ्यात फसवं म्हणजे पाणी. आपण नव्या बांधकामाला पाणी मारतो, म्हणजे शिंपडतो. चिनीत 'ता श्वेइ' म्हणजे पाणी भरून आणणं, विहिरीतून काढणं.

उलट बाजूनंही तसंच. आपण छत्री उघडतो किंवा धरतो, चिनी माणूस ती 'ता सान' करतो. टॅक्सी करायची तर 'ता छ'. स्वेटर विणायचा तर 'ता माओ यी'. उरलेलं जेवण हॉटेलातून बांधून घ्यायचं तर 'ता पाओ'. (हा 'पाओ' मिठीतल्यापेक्षा वेगळा, सूर पहिला.) बास्केटबॉल, बॅडमिंटन, पत्ते, सगळ्याला 'ता'. फुटबॉलला मात्र नाही, कारण तो पायानं खेळतात आणि आपल्या अक्षरात हात आहे.

मला सगळ्यात आवडतात ते शरीराचे शब्द. मराठीत शिंक येते, जांभई येते, उचकी लागते. मी काही करत नाही, ते मला होतं. चिनीत या सगळ्यांचा कर्ता मी! शिंक 'ता फन थी', जांभई 'ता हा छ्येन', उचकी 'ता क', घोरणं 'ता हू लू'. 'मला शिंक आली' हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून चिनीत न्यायला गेलात की अडलात. 'मी शिंक मारली' असं मनात म्हणा, वाक्य आपोआप बनतं.

इंजेक्शनचं त्याहून वेगळं. आपण 'देणे' आणि 'घेणे' असे दोन शब्द ठेवलेत. चिनीत नर्सही 'ता चन' करते आणि पेशंटही 'मी ता चन करायला चाललोय' असंच म्हणतो. सुई कुणी कुणाला टोचली हे बाकीच्या वाक्यावरून कळतं. लस घेण्यालाही 'ता यी म्याओ'.

हे सगळं आजकालचं बिघडलेलं बोलणं आहे असं वाटत असेल, तर ओउयांग श्यू यांची तक्रार ऐका. हे सोंग राजवटीतले मोठे लेखक आणि अधिकारी, काळ 1007 ते 1072. निवृत्तीच्या काळातल्या नोंदींमध्ये ते म्हणतात की या अक्षराचा अर्थ ठोकणं एवढाच, पण लोक, अगदी शिकलेले लोकसुद्धा, मासे पकडणं, पाणी काढणं, छत्री धरणं सगळ्यालाच 'ता' म्हणतात. यादी वाचताना हसू येतं, कारण त्यातलं बरंच आजही जसंच्या तसं चालू आहे. 'ता छ'सुद्धा त्यात आहे, फक्त तेव्हा त्याचा अर्थ गाडी बनवणं होता. आज टॅक्सी पकडणं. विसाव्या शतकात ल्यू पान-नोंग या भाषाशास्त्रज्ञानंही 'ता'चे असे प्रयोग गोळा करायला घेतले आणि वैतागून या अक्षराला चक्क शिवी दिली.

काही शब्दांत तर मारण्याचा मागमूस उरलेला नाही. 'ता स्वान' म्हणजे बेत असणं, 'ता थिंग' म्हणजे चौकशी करणं, 'ता खाय' म्हणजे उघडणं. हे जोडशब्द म्हणूनच पाठ करा, फोड करत बसू नका.

आणि 'ता च्यांग यो'. पूर्वी बाटली घेऊन दुकानात सोया सॉस भरून आणायला जायचे, त्याचा हा शब्द. 2008 साली क्वांगचौमध्ये टीव्हीवाल्यांनी रस्त्यावरच्या एका माणसाला एका गाजलेल्या प्रकरणाबद्दल विचारलं, तर त्याचं म्हणणं असं की माझा काय संबंध, मी तर सोया सॉस आणायला निघालोय. तेव्हापासून इंटरनेटवर याचा अर्थ 'मी यात नाही, मी नुसता बघ्या' असा झाला.

शेवटचा मुद्दा पैशांचा. सवलतीला 'ता च' म्हणतात, आणि मध्ये आकडा घालतात. 'पा' म्हणजे आठ. दुकानात 'ता पा च' दिसलं की आपल्याला वाटतं ऐंशी टक्के सूट! तसं नाही. किमतीचे दहा भाग केले तर त्यातले आठ द्यायचे, म्हणजे सूट वीसच टक्के. आकडा जितका लहान तितका आपला फायदा. तिकडे माल घ्यायला जाणाऱ्या श्रोत्यांनी हे वहीत लिहून ठेवा.

पुढच्या भागात फुटबॉलवाला 'थी' घेऊ, म्हणजे लाथ. तोवर कुणाला फोन करायचा असेल तर 'केइ' विसरू नका.