कोणत्या तारखेचा टायगर?

इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये 'टायगर १३१' उभा आहे. दुसऱ्या महायुद्धातील टायगर-१ रणगाड्यांपैकी आजही स्वतःच्या बळावर धावणारा हा एकमेव. त्यामुळे १/३५ प्रमाणात टायगर बांधणारे हौशी कारागीर आधी त्याचीच छायाचित्रे जमवतात : रंगीत, लख्ख, बोल्ट न् बोल्ट मोजता येईल अशी. माझे म्हणणे एवढेच की संदर्भचित्राची किंमत ते किती स्पष्ट आहे यापेक्षा ते कधीचे आणि कुठले आहे यावर ठरते. तारीख पक्की असलेला एखादा धूसर कृष्णधवल फोटो संग्रहालयातल्या शंभर फोटोंना भारी पडतो.

१३१ फेब्रुवारी १९४३ मध्ये कासेलच्या हेन्शेल कारखान्यात पुरा झाला आणि एप्रिलमध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागला. (तो २१ तारखेला जेबेल जाफा इथे सापडला असे वर्षानुवर्षे छापले गेले, २४ तारीख आणि गेरियात एल अताशची टेकडी ही दुरुस्ती अलीकडची.) म्हणजे हा सुरुवातीच्या घडणीचा. टायगरचे उत्पादन ऑगस्ट १९४४ पर्यंत चालले आणि तेवढ्या काळात तो सारखा बदलत गेला. १३१ च्या टरेटवर डब्यासारखा उंच कपोला आहे; १९४३ च्या उन्हाळ्यात तो जाऊन पेरिस्कोपवाला बुटका कपोला आला. मग चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून झिमरिटचा खरबरीत लेप आला. फेब्रुवारी १९४४ पासून रबरी धावेच्या चाकांची जागा पोलादी धावेच्या चाकांनी घेतली. तेव्हा १३१ समोर ठेवून जून १९४४ मधला नॉर्मंडीतला टायगर बांधला, तर सुटा भाग प्रत्येक बरोबर आणि रणगाडा तेवढा चुकीचा, अशी गत होते. शिवाय १३१ तरी जसाच्या तसा कुठे राहिला? पकडल्यावर त्याची दुरुस्ती झाली, त्यावर ब्रिटिश चिन्हे रंगवली गेली, आणि पुढे कित्येक वर्षांनी तो चालता करताना त्यात किंग टायगरचे इंजिन बसवले गेले. जून १९४३ मध्ये ट्युनिसला राजे सहावे जॉर्ज यांनी पाहिला तो रणगाडासुद्धा दोन महिन्यांपूर्वी लढलेला रणगाडा नव्हता.

यावर आक्षेप येतो की जुन्या फोटोवरून मापे कशी घ्यायची? लोखंडाला टेप लावता येतो, फोटोला नाही. हे खरेच आहे, आणि मापांसाठी संग्रहालयाला पर्याय नाही. पण अगदीच अडते असेही नाही. टायगरच्या रोडव्हीलचा व्यास ८० सेंटिमीटर, मॉडेलवर सुमारे २३ मिलिमीटर. बाजूने घेतलेल्या फोटोत ते चाक हीच फूटपट्टी. उलट, अरुंद दालनात वाइड अँगल लेन्सने जवळून टिपलेल्या आजच्या फोटोत तोफेची नळी फुगते आणि मागचा भाग आक्रसतो, याकडे कुणी लक्ष देत नाही. रंगाचा मुद्दा जास्त अवघड. कृष्णधवल फिल्मवर पिवळा आणि राखाडी वेगळे करणे हे बरेचसे अंदाजाचे काम. तिथेही तारीख मदतीला येते : गडद पिवळा हा मूळ रंग करण्याचा जर्मन आदेश १८ फेब्रुवारी १९४३ चा, त्यामुळे त्याआधीच्या फोटोतला रणगाडा कारखान्यातूनच त्या रंगात आला असे धरता येत नाही.

'एवढ्याशा खेळण्यात हे कुणाला दिसणार?' हा आक्षेप अर्धा मान्य. एक सेंटिमीटरची चूक मॉडेलवर ०.३ मिलिमीटरसुद्धा भरत नाही; त्यासाठी झोप उडवू नये. कपोला मात्र हातभर अंतरावरून दिसतो.

फोटोखालच्या ओळीवर विसंबणे हा वेगळाच धोका. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडे एम-४७ आणि एम-४८ असे दोन्ही पॅटन होते आणि आपल्याकडच्या बहुतेक फोटोंखाली नुसते 'पॅटन' असते. ओळख पटवायची तर पुढचा भाग पाहावा : एम-४७ मध्ये चालकाशेजारी मशीनगनवाला बसे, म्हणून तिथे गनचे भोक दिसते, एम-४८ चे नाक बोटीसारखे गोलसर आणि कोरे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटनभोवती फिरून हे सारे निवांत पाहता येते. त्यावरचा आजचा रंग मात्र तिथेच सोडावा आणि रंगासाठी असल उत्तरच्या लढाईनंतर, सप्टेंबर १९६५ मध्ये, भिखीविंडला ओळीने उभ्या केलेल्या रणगाड्यांचे फोटो काढून बसावे.