हाड ऐकते, पोटरी ऐकत नाही

उंची वाढवण्याच्या पावडरी घ्या, बारला लटका, दोरीवरच्या उड्या मारा. विशी ओलांडल्यावर यातल्या कशानेही हाड लांब होत नाही. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या तोवर मिटलेल्या असतात. त्यानंतर पाय लांब करायचा तर मार्ग एकच: हाड कापायचे आणि त्याचे दोन तुकडे इतक्या सावकाश दूर न्यायचे, की मधल्या फटीत शरीर नवे हाड भरत राहील.

हे भरवशाने करून दाखवले गावरील इलिझारोव या सोव्हिएत डॉक्टरांनी. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये, १९५० च्या दशकात. त्यांच्यापुढे उंचीचा हौशी प्रश्न नव्हता, तर न जुळलेल्या, वाकड्या, आखूड राहिलेल्या पायांचे रुग्ण होते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या व्हालेरी ब्रुमेलचा पाय पुढच्याच वर्षी मोटरसायकल अपघातात मोडला. बऱ्याच शस्त्रक्रिया फसल्यावर तो कुर्गानला गेला, बरा झाला आणि पुन्हा उड्या मारू लागला. इलिझारोव यांचे नाव देशभर झाले ते तेव्हा. पश्चिम युरोपात ही पद्धत १९८० च्या सुमारास इटलीमार्गे पोचली. आपल्याकडे ती रुजवणाऱ्यांत मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचे नाव आदराने घेतले जाते.

नडगीचे उदाहरण घेऊ. पायाभोवती धातूच्या कड्या बसवतात. सायकलच्या चाकाच्या तारांसारख्या ताणलेल्या बारीक तारा हाडातून आरपार नेऊन या कड्यांना जखडतात. मग छोट्याशा छेदातून हाड कापतात, पण त्याभोवतीचे आवरण आणि आतला रक्तपुरवठा शक्यतो जपून, कारण नवे हाड तयार होणार ते त्यांच्याच जिवावर. शेजारचे बारीक हाडही कापावे लागते आणि त्याची टोके मोठ्या हाडाशी पक्की करावी लागतात. नाहीतर ते मागे राहते आणि घोट्याची घडण बिघडते.

यानंतर पाच-सात दिवस काहीच करायचे नाही. फटीत कोवळे ऊतक धरू द्यायचे. मग नट फिरवायला सुरुवात: दिवसातून चार वेळा, दर वेळी पाव मिलिमीटर. रोजचा एक मिलिमीटर हा आकडा सहज आलेला नाही. फार हळू गेलात तर फट वेळेआधीच भरून हाड जुळते आणि पुन्हा कापावे लागते. घाई केलीत तर फटीत हाड धरतच नाही. पाच सेंटिमीटर हवे असतील तर ताणण्याचेच पन्नास दिवस. पुढे ते मऊ हाड कठीण व्हायला त्याच्या दुप्पट किंवा जास्त वेळ. तोवर कड्या पायावर, आणि तारांच्या छिद्रांची रोजची सफाई. तिथे जंतुसंसर्ग इतका नेहमीचा, की डॉक्टर तो गृहीत धरूनच चालतात.

इथवर वाचून वाटेल, मग दहा-पंधरा सेंटिमीटर का नाही? हाडाला विचाराल तर ते बरेच पुढे जाईल. अडतात ते स्नायू आणि नसा. नडगी लांबते, पण पोटरी आणि टाचेमागचा जाड स्नायुबंध त्याच वेगाने लांबत नाहीत. ते टाच वर ओढतात आणि पाऊल चवड्यावर उभे राहू लागते. मांडी लांबवली तर गुडघा वाकेनासा होतो. नस ताणली गेली तर पायाला मुंग्या येतात, कधी पाऊल उचलता येत नाही. तेव्हा वेग कमी करावा लागतो, क्वचित थांबावे लागते. म्हणून या शस्त्रक्रियेचा खरा भार फिजिओथेरपीवर असतो. रोज, तासन्‌तास, दुखत असताना ताण द्यायचा. जाहिरातींत हे तास दिसत नाहीत. दिसतात ते आधीचे आणि नंतरचे फोटो. निव्वळ उंचीसाठी नडगीत साधारण पाच आणि मांडीत सात-आठ सेंटिमीटरच्या आसपास थांबण्याकडे सावध डॉक्टरांचा कल असतो.

बाहेरच्या कड्या नकोत म्हणून हाडाच्या पोकळीत बसणारे रॉड निघाले. त्यातल्या चुंबकीय प्रकारात रॉडच्या आत चुंबक आणि स्क्रू असतो. त्वचेवर यंत्र धरले की चुंबक फिरतो आणि रॉड लांबतो. छिद्रे नाहीत, व्रणही कमी. पण हाड पक्के होईपर्यंत त्यावर पूर्ण वजन टाकता येत नाही. दोन्ही मांड्या एकाच वेळी लांबवल्या तर काही महिने वॉकर किंवा व्हीलचेअर. पूर्ण वजन पेलणारा पोलादी रॉडही २०१८ मध्ये आला. गंज आणि भोवतीच्या हाडातले बदल दिसू लागल्यावर २०२१ मध्ये तो परत मागवला गेला. तिसरा मार्ग मधला: आत रॉड, बाहेर चौकट. लांबी मिळाली की रॉडला स्क्रू मारायचे आणि चौकट लवकर काढायची.

चीनने २००६ मध्ये केवळ उंचीसाठी अशी शस्त्रक्रिया करण्यावर बंदी घातली. वैद्यकीय कारणासाठी ती चालू राहिली, आणि हा फरक मला रास्त वाटतो. एक पाय चार सेंटिमीटर आखूड असलेल्या माणसाचा हिशोब वेगळा. निरोगी पाय कापून घेणाऱ्याचा वेगळा. दुसऱ्याने होकार देण्याआधी रॉड काढायची शस्त्रक्रियाही मोजावी. चुंबकीय रॉड कायम आत ठेवायचा नसतो. हाड भरल्यावर, बहुधा वर्ष-दोन वर्षांत, तो काढतात आणि त्यासाठी पुन्हा भूल घ्यावी लागते.