कीडनाशकांचा प्रस्तावित कायदा आणि आपली जबाबदारी

वाशीम जिल्ह्यात सोयाबीन, तूर व कपाशीवरील फवारणी बरेच शेतकरी बंधू मजुरीने करून घेतात. साठवलेल्या धान्याला धुरी देण्यासाठी कीड नियंत्रण व्यावसायिकांना बोलावले जाते. या कामासाठी कायदा काय सांगतो, हे माहीत असणे गरजेचे आहे.

२०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर राज्य शासनाने वाशीमसह पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार राज्याला एवढ्याच मुदतीची बंदी घालता येते. ती फार तर आणखी ३० दिवस वाढते.

नवीन प्रस्ताव

२०२० मध्ये राज्यसभेत मांडलेल्या कीडनाशक व्यवस्थापन विधेयकात ही मुदत एक वर्षापर्यंत सुचविली होती. विनापरवाना विक्री किंवा कीड नियंत्रणाचा व्यवसाय केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ४० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा, तसेच विषबाधितांसाठी निधी अशा तरतुदी होत्या. पुढे केंद्रीय कृषी मंत्रालयाने २०२५ च्या विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. नवा कायदा अमलात येईपर्यंत १९६८ चाच कायदा लागू राहतो.

या कायद्यानुसार कीड नियंत्रण व्यवसायास परवाना लागतो. मात्र स्वतःच्या शेतात कीटकनाशक वापरणाऱ्यास कायद्यातून सूट आहे. म्हणून आपल्या शेतात पंप घेऊन उतरणाऱ्या मजुराची काळजी आपणच घ्यावयाची आहे.

हे लक्षात ठेवा

१. धुरी देणाऱ्याचा परवाना पाहिल्याशिवाय काम देऊ नये. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या स्वतः वापरू नयेत. त्यांचा विषारी वायू घरात पसरून जीव जाऊ शकतो.

२. कीटकनाशक परवानाधारक कृषी सेवा केंद्रातूनच, बॅच क्रमांक असलेल्या पक्क्या पावतीसह घ्यावे.

३. डब्यावरील त्रिकोण पाहावा. लाल रंग म्हणजे अत्यंत विषारी. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा क्रम आहे.

४. मजुरास हातमोजे, तोंडावर मास्क, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे द्यावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये.

५. मळमळ, चक्कर, अंधूक दिसणे अशी लक्षणे दिसताच फवारणी थांबवावी, कपडे बदलून अंग साबणाने धुवावे आणि रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे. सोबत डब्याचे लेबल व माहितीपत्रक न्यावे. त्यावरून डॉक्टरांना योग्य उतारा ठरविता येतो.