सुरतेचे मैले पाणी आणि आपला धंदा

मालेगावच्या कापडवाल्याला सुरत चुकत नाही. आम्ही वडिलांच्या पाठोपाठ जाणे सोडून स्वतः खरेदीला जाऊ लागलो, त्याला पस्तीस वर्षे होत आली. तेव्हाची सुरत म्हणजे नाकाला रुमाल लावून रिंगरोडच्या मार्केटात शिरायचे, व्यवहार उरकायचा आणि रात्रीची बस गाठायची. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. त्या आठवड्यात सुरतेहून आलेल्या आमच्या सात गाठी उतरवायला एकही हमाल तयार होईना. चार दिवस ट्रक नाक्यावर उभा राहिला आणि त्याचे भाडे आमच्या अंगावर पडले.

त्याच सुरतेला २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळाला. लोक याचे सारे श्रेय १९९५ साली आलेले पालिका आयुक्त एस. आर. राव यांना देतात. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवले, मोठ्यांचीही बेकायदा बांधकामे पाडली आणि दोन वर्षांत शहराचा चेहरा बदलला, हे खरेच आहे. पण झाडूने कचरा निघतो, वाढ थांबत नाही. १९९१ च्या जनगणनेत सुरत सुमारे १५ लाखांची होती, २०११ मध्ये ती ४४ लाखांच्या वर गेली. वीस वर्षांत माणसे तिप्पट, म्हणजे पाणी, मैला, धूर आणि रहदारी सगळेच तिप्पट. त्याचे पुढे काय केले, ते व्यापाऱ्याने पाहण्यासारखे आहे.

सरकारी कागदात याला ‘एकात्मिक नगररचना’ म्हणतात. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, मराठी आम्ही गिऱ्हाइकांकडून आणि जकात नाक्यावर शिकलो, त्यामुळे हा शब्द प्रथम वाचला तेव्हा दोनदा वाचावा लागला. अर्थ सोपा आहे. पाणी खाते, वीज खाते, गटार खाते आणि वाहतूक खाते यांनी आपापल्या वेगळ्या वह्या न ठेवता एकाच खातेवहीत हिशोब मांडायचा. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल होतो का, हे त्यातच दिसते.

पाण्याचेच पाहा. पांडेसरा हे रंगाई-छपाईचे मोठे ठिकाण. कापड रंगवायचे म्हणजे पाणी लागते, आणि ते तापीतून घेतले तर शहराच्या पिण्यातून जाते. दुसऱ्या बाजूला शहराचे मैले पाणी पालिका खर्च करून शुद्ध करी आणि खाडीत सोडून देई. २०१४ साली बमरोली येथे त्या पाण्यावर आणखी एक प्रक्रिया करणारे केंद्र सुरू झाले. तेथून रोज ४ कोटी लिटर पाणी नळाने पांडेसऱ्याच्या कारखान्यांना जाऊ लागले. पुढे अशी आणखी केंद्रे झाली आणि या पाण्याच्या विक्रीतून वर्षाला १०० कोटी रुपयांच्या पुढे उत्पन्न होते, असे पालिका सांगते. मैल्याला गिऱ्हाईक मिळाले!

आमच्या ओळखीचे एक प्रोसेसवाले आहेत. सुरुवातीला त्यांना धास्ती होती की गटाराच्या पाण्यात रंग चढेल कसा, आणि माल परत आला तर काय करायचे. पण हे पाणी बारीक पडद्यांतून दाबाने गाळलेले असते, त्यातले क्षार निघून गेलेले असतात. बोअरच्या जड पाण्यात रंगाचे डाग पडतात, फिकट छटा बिघडते. या हलक्या पाण्यात ती तक्रार कमी झाली, असे ते स्वतः सांगतात. मात्र पुरवठा एक दिवस बंद राहिला की शिव्या त्याच पाण्याला पडतात, हेही त्यांनीच हसत सांगितले.

त्याच मैल्यातून वीजही निघते. गाळ बंद टाकीत कुजला की मिथेन वायू तयार होतो. तो हवेत सोडला तर पृथ्वी तापवण्यात कार्बन वायूपेक्षा कितीतरी जालीम. सुरतेने २००३ साली अंजना येथील केंद्रावर त्यावर इंजिन चालवून वीज काढायला सुरुवात केली. पाणी उपसण्यात आणि शुद्ध करण्यात पालिकेची पुष्कळ वीज जाते, तिचा काही भाग तेथल्या तेथे निघू लागला.

आता धुराकडे येऊ, कारण आपल्या धंद्याचा खरा गुन्हा तोच आहे. रंगाईला वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला कोळसा. आधीची पद्धत सर्वांना माहीत आहे: निरीक्षक येणार, नोटीस देणार, पुढचे आम्ही सांगायला नको. गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये सुरतेत वेगळाच प्रयोग केला. चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवली, सगळ्या कारखान्यांनी मिळून किती काजळी सोडायची याची मर्यादा ठरवली आणि प्रत्येकाला परवाने वाटले. ज्याने कमी काजळी सोडली त्याने उरलेले परवाने विकावेत, ज्याची जास्त झाली त्याने विकत घ्यावेत. अनामत आधीच जमा, त्यामुळे चुकवायला जागा कमी. शिकागो व येल विद्यापीठांच्या संशोधकांनी ३०० हून अधिक कारखान्यांचे दोन गट करून हे तपासले. बाजारात सामील असलेल्या गटाची काजळी २० ते ३० टक्के कमी निघाली आणि ती कमी करण्याचा खर्चही घटला. काजळी म्हणजे कार्बन वायू नव्हे, हे खरे. पण कापडवाल्याला भावाची भाषा कळते, नोटिशीची नाही, एवढे तर सिद्ध झाले. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत आणखी एक गोष्ट आहे. तेथे एका मोठ्या बॉयलरमधून पाइपाने अनेक कारखान्यांना वाफ विकली जाते, दारोदारी छोटे बॉयलर पेटवावे लागत नाहीत.

पण सुरतेची खातेवही सगळीच बरोबर जुळलेली नाही. लिंबायत, उधना भागात खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. लूम जवळ, घर जवळ. माणूस पायी किंवा सायकलने कामावर जातो. धूर न करणारे शहर आणखी वेगळे काय असते? ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सोडल्यावर शहराचा बहुतेक भाग बुडाला. त्यानंतर तापीकाठच्या झोपड्या हलवून त्यांतल्या पुष्कळ लोकांना दूर कोसाडच्या वसाहतीत घरे दिली. पक्की घरे मिळाली, पुराची भीती गेली, परंतु रोजगार होता तेथेच राहिला. वेगळ्या मार्गिकेची बससेवा २०१४ साली सुरू झाली, तोवर कारागिराने एक तर रिक्षाला मजुरीतला वाटा द्यायचा, नाही तर हप्त्यावर दुचाकी घ्यायची. आधी बस आणि मग घरे, असा क्रम असता तर कित्येकांचे काम सुटले नसते.

आता आमच्या मालेगावकडे. मोसमचे पाणी गिरणेला जाते, गिरणेचे तापीला आणि तापीचे सुरतेला. म्हणजे आम्ही सोडलेली घाण पुढच्याच्या नळाकडे जाते. आमचे ग्रे कापड रंगायला पाली-बालोतऱ्याला जाते, म्हणून रंगाचे पाणी आम्हाला दिसत नाही आणि आम्ही बेफिकीर राहतो. पण सायझिंगचा धूर तर दिसतो. लाकूड, चिंध्या आणि काही ठिकाणी प्लास्टिकसुद्धा भट्टीत जाते. घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात, आणि ज्यांच्या गच्चीवर पडतात ती माणसे आपलीच आहेत. मार्चनंतर टँकरही लावावे लागतात.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या सायझिंगवाल्यांच्या आणि लूमवाल्यांच्या बैठकीत आम्ही सामायिक बॉयलरचा विषय काढला. एका बुजुर्गांनी विचारले, ‘‘जागा कोण देणार, आणि एकाने बिल थकवले तर बाकीच्यांची वाफ बंद करणार का?’’ प्रश्न रास्त होता. उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते. तरी उठण्यापूर्वी आठ जणांनी आपापल्या महिन्याच्या जळणाचा आकडा एका कागदावर लिहून दिला. बेरीज केली तेव्हा खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. तो कागद आमच्या गल्ल्यात आहे. नववा आणि दहावा आकडा द्यायला कोणी येणार असेल तर दुकान जुम्मा सोडून रोज उघडे असते.