पेस्तेरेवांचं घर

मॉस्कोहून उत्तरेला अर्खांगेल्स्ककडे निघालं की सातशे किलोमीटरच्या आसपास कोनोशा हे जंक्शन लागतं. इथून एक फाटा ईशान्येला, व्होर्कुटाच्या कोळसाखाणींकडे जातो. स्तालिनच्या काळात कैद्यांना राबवून तो टाकलेला आहे. स्टेशनात उतरताना मला आधी ते कैदी आठवतात आणि मग कवी. हा क्रम मला योग्य वाटतो. या मुलखात बळजबरीनं आणल्या गेलेल्या माणसांत हा रशियन कवी, योसिफ ब्रॉद्स्की, पहिला नव्हता, आणि सर्वांत अभागी तर नव्हताच.

कोनोशातून नोरेन्स्काया या त्याच्या हद्दपारीच्या गावाकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो. पाइन, स्प्रूस, मध्येच बर्चचे पांढरे बुंधे, आणि जिथे झाडं विरळ होतात तिथे दलदल. जून महिना आहे. घड्याळात रात्र झाली तरी आभाळात उजेड शिल्लक असतो. गाडीचं दार उघडलं की डासांचा ढग अंगावर येतो. माझ्यासोबत दुभाषा म्हणून आलेला विद्यार्थी शांतपणे कॉलर वर करतो आणि पुढे चालू लागतो.

गाव म्हणजे उतारावरची मोजकीच घरं. लाकूड उन्हापावसानं राखाडी झालेलं. काही घरांना कुलूप, काहींचं छप्पर बसलेलं. त्याला ठेवून घेणाऱ्या पेस्तेरेव दांपत्याचं घरही असंच जमिनीला मिळण्याच्या बेतात होतं. ते दुरुस्त करून २०१५ साली तिथे संग्रहालय उघडण्यात आलं. कुठला ओंडका जुना आणि कुठला डागडुजीत घातलेला, हे भिंतीजवळ उभं राहिल्यावर ओळखू येतं. घराची देखरेख करणाऱ्या बाई माझं बोट धरून दोन ओंडक्यांमधल्या फटीवर टेकवतात. आत शेवाळ ठासून भरलंय, कोरडं आणि बोटाला खरखरीत लागणारं. थंडी रोखायची ती या शेवाळानं. इथला हिवाळा शून्याखाली तीस अंशांपर्यंत जातो, हे ऐकताना बोट फटीवरून निघत नाही.

दार ठेंगणं आहे, मान लववूनच आत जावं लागतं. मोठी चूल, जिच्यावर माणूस झोपू शकतो अशी. फळ्यांच्या आडोशापलीकडे एक खोली, खोलीत खिडकीशी टेबल. ब्रॉद्स्कीची जागा ती.

१९६४च्या मार्चमध्ये लेनिनग्राडच्या न्यायालयानं तेवीस वर्षांच्या या मुलाला ऐतखाऊ ठरवलं. तो कविता लिहीत होता, अनुवाद करत होता; पण कवी असल्याचा सरकारी शिक्का त्याच्याजवळ नव्हता. पाच वर्षं हद्दपारी आणि सक्तीचे श्रम, ही शिक्षा. खटल्यातला शब्दन् शब्द फ्रीदा विग्दोरोवा या पत्रकार बाईंनी टिपून घेतला. त्या नोंदी हातोहात फिरल्या, देशाबाहेर पोचल्या, आणि लोकांना या मुलाचं नाव कळलं. विग्दोरोवा १९६५च्या ऑगस्टमध्ये वारल्या. त्याची सुटका त्यांना पाहायला मिळाली नाही. या खोलीत उभं असताना त्यांचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही.

ब्रॉद्स्की इथे आला आणि सरकारी शेतावर मजूर म्हणून लागला. शेण वाहणं, शेतातले धोंडे वेचणं, लाकूड तोडणं, वासरं सांभाळणं. सुरुवातीला तो गोठ्यात काम करणाऱ्या एका बाईंकडे राहिला, मग पेस्तेरेवांकडे आला. नवरा-बायको दोघं उतारवयातली. लेनिनग्राडमधून हाकलून दिलेल्या, सरकारनं डाग लावलेल्या माणसाला घरात घेणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्यांनी त्याला खोली दिली आणि माणूस म्हणून वागवलं. पुढे जगभर हिंडून झाल्यावरही ब्रॉद्स्की या दिवसांबद्दल बोलताना म्हणत असे, की आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या काळांपैकी हा एक. पहाटे शेतावर निघताना देशभर याच वेळी असंख्य माणसं अशीच कामावर निघाली असतील, ही जाणीव त्याला बळ देई. शिक्षा फर्मावणाऱ्यांचं यात काहीही श्रेय नाही. श्रेय असेल तर ते या घराचं.

मी खिडकीपाशी बसतो. खिडकी एवढीशी चौकोनी. जहाजाच्या गवाक्षाएवढी होती, असं त्यानंच एका निबंधात लिहून ठेवलंय. बाहेर ओला, चिखलाचा रस्ता आणि त्यावर चार चुकार कोंबड्या, असं दृश्य त्याला दिसत होतं. आज रस्ता कोरडा आहे आणि कडेला गुडघाभर गवत वाढलंय. मॉस्कोतल्या मित्रानं पाठवलेला इंग्रजी कवितांचा संग्रह त्यानं इथे उघडला. समोर आली ती ऑडननं येट्सच्या मृत्यूवर लिहिलेली कविता. काळ हा भाषेपुढे नमतो, हे त्यातलं म्हणणं वाचून तो थक्क झाला. इंग्रजी त्याला तेव्हा धड येत नव्हती. शब्दकोश हाताशी ठेवून तो एकेक ओळ सोडवत होता. १९६५च्या जानेवारीत कवी एलियट गेल्याची बातमी या रानात आठवडाभर उशिरा पोचली, तेव्हा ऑडनच्याच कवितेची घडण घेऊन त्यानं एलियटवर रशियनमध्ये विलापिका लिहिली. भर हिवाळ्यात, शेतमजुरी करून आलेल्या हातांनी. १९७२ साली त्याला देश सोडायला लावलं गेलं, तेव्हा पहिल्या काही दिवसांतच तो ऑस्ट्रियात ऑडनला भेटला. १९८७ साली नोबेल मिळालं. त्याच्या कवितेनं रशियन सोडून बाहेरच्या भाषेकडे कान लावला तो या टेबलाशी, असं मला ठामपणे वाटतं.

त्याच्या सुटकेसाठी कवयित्री अख्मातोवा आणि संगीतकार शोस्ताकोविच यांनी खटपट केली, पॅरिसहून लेखक सार्त्रनं पत्र लिहिलं. १९६५च्या सप्टेंबरमध्ये, पाचऐवजी दीड वर्षातच, तो सुटला. १९७२नंतर आईवडिलांची मात्र पुन्हा गाठ पडली नाही. मुलाला भेटायला जायची परवानगी ते मागत राहिले, सरकार नाकारत राहिलं. आई १९८३ साली गेली, वडील १९८४ साली.

इकडे येणाऱ्या वाचकाला माझं एकच सांगणं आहे. घर पाहून थेट स्टेशन गाठू नका, कोनोशा गावात थोडं थांबा. तिथल्या ग्रंथालयाला आज ब्रॉद्स्कीचं नाव आहे, आणि या गावाला तो हक्क आहे. त्याच्या स्वतःच्या शहरात त्याच्या कविता छापायला जवळजवळ कुणी धजावत नव्हतं. १४ ऑगस्ट १९६५ रोजी, शिक्षा चालू असताना, पहाटेच्या ट्रॅक्टरांवरची त्याची कविता छापली ती कोनोशाच्या 'प्रिझीव' या तालुक्याच्या वर्तमानपत्रानं.