हवेची गादी : उपयोग, निगा आणि दक्षता

अर्धांगवायू, खुब्याचा अस्थिभंग किंवा दीर्घ आजार यांमुळे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी हवेची गादी आणणे, ही आता सर्वपरिचित गोष्ट झाली आहे. समाजातील सेवाभावी संस्था ती अनामत घेऊन देतात. औषधांच्या दुकानांतून ती भाड्यानेही मिळते. ही सोय मोलाची आहे. परंतु एकच गादी एका घरातून दुसऱ्या घरात जाते, तेव्हा तिच्यासोबत आणखी काय जाते, याचा विचार क्वचितच होतो. म्हणून व्यवसायबंधू आणि रुग्णांचे आप्त या दोघांसाठी हे टिपण लिहीत आहे.

त्वचेतील केशवाहिन्यांच्या धमनीकडील टोकाला रक्ताचा दाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा असतो. माकडहाड, खुबा, टाच या ठिकाणी त्याहून अधिक दाब दीर्घकाळ राहिल्यास रक्तपुरवठा खुंटतो आणि शय्याव्रण, म्हणजे बेडसोअर, होतो. हवेच्या गादीतील कप्पे दोन गटांत जोडलेले असतात. पंप ते ठरावीक मिनिटांनी आळीपाळीने फुगवतो व सैल सोडतो. त्यामुळे दाबाची जागा बदलत राहते. मात्र गादी रुग्णाची कूस पालटत नाही. ते काम, तसेच रोज त्वचा पाहण्याचे काम, माणसानेच करावयाचे असते. पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

रुग्णांच्या घरी गेल्यावर मला वरचेवर दिसते ते असे : गादीवर जाड गोधडी, तिच्यावर रबरी कापड आणि त्यावर ताणून खोचलेली चादर. एवढ्या थरांखाली गादीचा उपयोग उरत नाही. एकच सैल सुती चादर पुरे. पंपावरील दाब रुग्णाच्या वजनानुसार ठेवावा. नंतर गादीखालून, माकडहाडाच्या जागी, तळहात सपाट सरकवून पाहावा. हात आणि शरीर यांत निदान एक इंच फुगीर थर जाणवला पाहिजे. वीज गेली की पंप थांबतो. त्या काळात कूस पालटण्याची वेळ मुळीच चुकवू नये. रुग्णालयात हृदय-श्वसन पुनरुज्जीवन करताना गादीतील हवा आधी झटपट सोडावी लागते; ती झडप कोठे आहे, हे प्रत्येक परिचारिकेस ठाऊक असावे.

आता स्वच्छतेविषयी. १९८५ साली अमेरिकेतील एका दग्धरुग्ण विभागातील ॲसिनेटोबॅक्टर संसर्गाच्या साथीचा संबंध दूषित गाद्यांशी असल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे २०१३ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने, फाटक्या आवरणांतून रक्त व शारीरिक स्राव गादीत झिरपत असल्याबद्दल रुग्णालयांना सावध केले. आवरण वरून स्वच्छ दिसते. दोष आत असतो. म्हणून चेन उघडून आवरणाची आतील बाजू पाहावी. डाग दिसल्यास किंवा उजेडासमोर धरल्यावर सूक्ष्म छिद्रे आढळल्यास आवरण बदलावे. आतील स्पंज भिजला असेल, तर ती गादी बादच करावी.

धुण्यापूर्वी पंपाची वीज काढावी. प्रथम साबणाचे पाणी वापरून मळ काढावा, कारण मळावर जंतुनाशक नीट काम करीत नाही. बुडबुड्यांच्या गादीत मळ खाचांत साचतो, तेथे विशेष लक्ष द्यावे. त्यानंतर, उत्पादकाच्या सूचनेत मनाई नसल्यास, ०.१ टक्का सोडियम हायपोक्लोराइटने पुसावे. ५ टक्क्यांच्या द्रावणाचा १ भाग आणि पाणी ४९ भाग, हे त्याचे प्रमाण. द्रावण रोज ताजे करावे आणि त्यात आम्ल कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून गादी सावलीत पूर्ण वाळवावी. फिनाइल व स्पिरिट टाळावे. त्यांनी आवरण खराब होऊ शकते. पंप आणि नळ्याही पुसाव्यात.

साहित्य देणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, प्रत्येक गादीची एक नोंदवही ठेवावी : ती कधी परत आली, कोणी उघडून पाहिली, कोणी धुतली. ज्या गादीची ही नोंद नाही, ती पुढच्या घरी देऊ नये. आधीच दुर्बळ झालेल्या रुग्णाला मदतीच्या वस्तूतूनच नवा आजार मिळू नये, एवढी दक्षता आपण निश्चितच घेऊ शकतो.