पेडल कडक, पंप थकलेला

पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मिरचीच्या गोण्या चढल्या, की भोकरदन तालुक्यातली पिकअप किंवा ४०७ रातोरात वाटेला लागते. जळगावकडे जायचं तर अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूर गाठावं लागतं. त्या उतारावर ब्रेकचं पेडल दगड झालं, तर चालकाच्या जिवाचं पाणी होतं.

अशी गाडी गॅरेजात आली की बरेचदा आधी मास्टर सिलिंडर बदलला जातो, ब्रेक ऑइल नवं भरलं जातं. पैसे जातात, पेडल कडक ते कडकच. ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली तर पेडल मऊ पडतं, ऑइल गळत असेल तर खाली बसत जातं. पेडल कडक झालं याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: पायाला मिळणारी हवेची मदत थांबली.

ही मदत बूस्टर देतो. पेडलच्या पुढे, पत्र्याच्या गोल डब्यात रबरी पडदा असतो. एरवी त्याच्या दोन्ही बाजूंची हवा उपसलेली असते. पेडल दाबलं की फक्त मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे रेटला जातो. पडदा २५ सेंटिमीटर व्यासाचा आणि दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलो धरला, तरी साडेतीनशे किलोंहून अधिक जोर मिळतो. पेट्रोल इंजिन हवा ओढतानाच ही पोकळी तयार करतं. जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनात हवेची वाट अडवणारी झडपच नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. त्यामुळे चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि त्याच वेळी पेडलही कडक झालं, तर आधी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बघावा.

तपासणी सोपी आहे. सपाट जागी, चाकांना अडणी लावून, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं. कडक झालं की पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टरला मदत पोचते आहे. मग दोष चाकांकडे शोधावा, लायनर गुळगुळीत झालेत का, पिस्टन अडकलेत का. पेडल जागचं हललंच नाही, तर बूस्टरकडची नळी काढून तोंडावर अंगठा धरायचा. जोरात ओढ लागली तर पंप आणि नळी ठीक, संशय बूस्टरवर. पाय दाबून धरल्यावर केबिनमध्ये सतत फुसफुस येत असेल तर पडदा किंवा झडप गेली. ओढ नसेल तर आधी नळी बघा. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून सोलून बंद झालेली असू शकते.

नळीत इंजिन ऑइल सापडलं तर नुसता बूस्टर बदलू नका. ते पंपातून येतं आणि नव्या बूस्टरचं रबरही फुगवून खराब करतं. पंप आधी दुरुस्त व्हायला हवा.

आणि डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नका. बूस्टरमधली साठलेली पोकळी दोन-तीन ब्रेकांत संपते. चालत्या गाडीत पेडल कडक झालंच, तरी ब्रेक पूर्ण गेलेला नसतो: पेडल पुन्हा पुन्हा न मारता, पाय न उचलता सगळा जोर लावून दाबून धरा, गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा.